व्हेक्टर चित्रांचे एकरंगी ठिपकेचित्रांत रूपांतर : जुन्या मोबाइल संचांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील धर्माबाद हे तालुक्याचे गाव तेथील लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे मराठवाड्यात आणि लगतच्या तेलंगणात परिचित आहे. मिरचीवर फुलकिडे व कोळी यांचा उपद्रव नेहमीचाच असल्याने हे पीक फवारणीचे पीक मानले जाते. फवारणी आली की कीटकनाशकाचा डबा आला आणि डब्यावर कोनावर उभा केलेला तो चौकोनही आला. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार वेष्टनावर छापावयाच्या या चौकोनाचे दोन त्रिकोण पडतात. खालचा त्रिकोण रंगाने भरलेला असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. वरच्या त्रिकोणात विष, धोका किंवा सावधान या अर्थाचा इशारा असतो आणि लाल वर्गासाठी त्यासोबत कवटी व हाडे यांचे चिन्ह असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. तेव्हापासून या चौकोनाची ओळख करून देण्याचा विषय कृषिविस्ताराच्या बहुतेक कार्यक्रमांत येऊ लागला.

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गातील काही विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखकाने एका प्रकल्पात हेच चित्र दिले होते. चारही चौकोन व्हेक्टर पद्धतीने रेखाटलेले, रंग स्वच्छ, रेषा रेखीव. ते जुन्या कळफलकाच्या मोबाइलवर दिसेल अशा दोनच छटांच्या छोट्या चित्रात रूपांतरित करावयाचे होते. विद्यार्थ्यांनी चित्र लहान केले, सॉफ्टवेअरमधील एकरंगी करण्याची आज्ञा दिली आणि पाच मिनिटांत काम संपविले. हाती आले ते असे : लाल व निळा हे दोन्ही त्रिकोण सारखेच काळे, पिवळा त्रिकोण पूर्ण कोरा, आणि हिरवा एका विद्यार्थ्याकडे काळा तर दुसऱ्याकडे कोरा. दुसऱ्या क्रमांकाचे जहाल विष पडद्यावर रिकाम्या त्रिकोणासारखे दिसत होते. सॉफ्टवेअरने यात कोणतीही चूक केलेली नव्हती. सांगितलेले काम त्याने बिनचूक केले होते.

रूपांतर म्हणजे चित्र आकाराने लहान करणे, हा समज या प्रसंगाच्या मुळाशी आहे. वस्तुतः मोजक्या ठिपक्यांत चित्र मांडताना त्यातील काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो. चित्रकाराने तो घेतला नाही तर एक आकडा तो घेतो. हा आकडा कोठे बसलेला असतो आणि त्याच्या हातून निर्णय काढून कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही ते वाचता यावे म्हणून गणित आवश्यक तेवढेच ठेवले आहे.

जुन्या संचांचा पडदा

नोकिया ३२१० (१९९९), ३३१० (२०००) आणि ११०० (२००३) हे संच ज्यांनी वापरले त्यांना हिरवट पडद्यावरील काळे ठिपके आठवत असतील. यांपैकी ११०० या संचाची जगभरात २५ कोटींहून अधिक विक्री झाली आणि आपल्याकडील खेड्यांत पोहोचलेला पहिला मोबाइल बहुधा तोच होता. ३३१० च्या पडद्यावर ८४ स्तंभ व ४८ ओळी, म्हणजे एकूण ४,०३२ ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याला दोनच अवस्था, लागलेला किंवा न लागलेला. मधली छटा नाही. एका ठिपक्यास एक बिट, म्हणून संपूर्ण पडद्याचे चित्र ५०४ बाइटांत मावत असे. आजच्या भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत अशी हजारो चित्रे बसतील.

आपल्या घरांतील ज्येष्ठ स्त्रियांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. दुसुतीच्या कापडावरील भरतकामात प्रत्येक घरात टाका असतो किंवा नसतो; अर्धा टाका घालून मोराची मान गोल करता येत नाही. मोर ओळखू यावा यासाठी कोणती घरे भरावीत हे नमुना उतरविणारीने आधी ठरविलेले असते. एकरंगी पडदा म्हणजे ८४ घरे रुंद व ४८ घरे उंच असा दुसुतीचा तुकडाच होय.

या संचांवर चित्र पाठविण्याची सोयही होती. नोकियाच्या पद्धतीत चित्रसंदेश ७२ × २८ ठिपक्यांचा, तर पडद्यावर कंपनीच्या नावाच्या जागी येणारे बोधचिन्ह ७२ × १४ ठिपक्यांचे असे. २००० नंतरच्या काही वर्षांत वृत्तपत्रांतील जाहिरातींत अशा चिमुकल्या चित्रांच्या रांगा आणि त्यांखाली मागणीचे सांकेतिक क्रमांक छापून येत, हे अनेकांना स्मरत असेल. लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइटांची. त्यात रोमन लिपीतील १६० अक्षरे बसतात, देवनागरीतील मात्र ७० च. चित्रसंदेशातील ठिपक्यांना २५२ बाइट व त्यांच्या आधीच्या माहितीला ४ बाइट, असे २५६ बाइट लागत. जोडसंदेशाची शीर्षमाहिती वजा जाता प्रत्येक संदेशात १२८ बाइट उरतात. म्हणजे दोन संदेशांत नेमके २५६ बाइट मावतात. पण चित्राचा प्रकार व लांबी सांगणारे आणखी काही बाइट लागत असल्याने तिसऱ्या संदेशाचा खर्च पडत असे. ज्या काळात अनेक संचांत देवनागरी अक्षरे उमटतच नव्हती, त्या काळात दिवाळीच्या मराठी शुभेच्छा देण्याचा एक मार्ग म्हणजे अक्षरांचेच चित्र काढून पाठविणे.

चित्रसंदेश आज जवळपास वापरातून गेले आहेत. परंतु याच जातीचा ८४ × ४८ ठिपक्यांचा, मूळ नोकिया ५११० या संचातील पडदा सुट्या भागांच्या दुकानांत अजूनही मिळतो व महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्पांत सर्रास वापरला जातो. उष्णतेने काळी होणारी कागदी पावती छापणारे यंत्रही एका ठिपक्यास एकच बिट जाणते. म्हणून पुढील विवेचन केवळ जुन्या संचांच्या आठवणींपुरते मर्यादित नाही.

रेषेपासून ठिपक्यापर्यंत

व्हेक्टर चित्रात ठिपके नसतातच. त्यात सूचना असतात : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा ओढा, या चार नियंत्रक बिंदूंनी ठरणारा वक्र काढा, त्याची जाडी एवढी ठेवा, आतील भाग या रंगाने भरा. कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका तयार करणारे डीटीपी चालक दररोज हेच करतात. सूचना कोणत्याही मापाला लागू पडत असल्याने असे चित्र टपालतिकिटाएवढे करा की भिंतीएवढे, कडा रेखीवच राहतात. या गुणामुळेच व्हेक्टर चित्र हवे तेवढे लहान करता येते असा विश्वास बसतो. तो कागदावर बऱ्याच अंशी खरा ठरतो. ठिपक्यांच्या जाळीवर तो का टिकत नाही, ते आकड्यांनी पाहू.

आपला चौकोन १४० मिलीमीटर उंच रेखाटलेला आहे आणि तो २८ ओळींत बसवावयाचा आहे असे समजू. एका ओळीच्या वाट्याला ५ मिलीमीटर येतात. चौकोनाचे दोन त्रिकोण करणारी आडवी रेषा मूळ चित्रात १ मिलीमीटर जाड आहे. जाळीवर तिची जाडी एका ठिपक्याच्या एकपंचमांश उरते. एकपंचमांश ठिपका लावता येत नाही. तो लावावा की लावू नये हे ठरविण्यासाठी प्रत्येक घराचे पुन्हा ८ × ८, म्हणजे ६४ उपभाग कल्पिले जातात व त्यांतील किती भाग रेषेखाली येतात ते मोजले जाते. येथे सुमारे १३ येतात. निम्म्याहून अधिक, म्हणजे ३२ हून अधिक उपभाग व्यापले असतील तरच ठिपका काळा करावा, असा प्रचलित नियम आहे. हा आकडा म्हणजे उंबरठा. आपली रेषा १३ वर असल्याने उंबरठ्याच्या बाहेरच राहते. ती पुसट होत नाही, तुटक होत नाही. संपूर्ण नाहीशी होते.

मग उंबरठा खाली आणून १० केला तर? रेषा आत येते खरी, पण तिच्याबरोबर न बोलावलेले पाहुणेही येतात. ज्या घरांत काळा भाग थोडासाच डोकावत होता ती सर्व काळी होतात, आणि कवटीचे डोळे बुजून तिथे काळा गोळा उरतो. शिवाय हीच रेषा दोन ओळींच्या सीमेवर पडली असेल तर तिचे १३ उपभाग दोन घरांत सहा-सात असे विभागले जातात व ती १० च्या उंबरठ्यालाही पोहोचत नाही. म्हणजे एकाच जाडीच्या दोन रेषांपैकी एक राहते व दुसरी जाते, आणि त्याचे कारण चित्रात नसून ती जाळीवर कोठे पडली यात असते. एकच उंबरठा साऱ्या चित्राला लावून हा पेच सुटत नाही. विद्यार्थी तासन्‌तास तो आकडा वर-खाली करीत बसतात. प्रस्तुत लेखकानेही पूर्वी तेच केले आहे.

उपाय जाळीवर येण्यापूर्वीच करावा लागतो. व्हेक्टर चित्र हातात आहे तोवर प्रत्येक रेषा ही स्वतंत्र वस्तू असते व तिची जाडी बदलता येते; ठिपके झाल्यावर रेषा नावाची वस्तू उरत नाही. म्हणून प्रथम चित्र अंतिम मापात आणावे, एक एकक म्हणजे एक ठिपका असे प्रमाण धरावे आणि राखावयाच्या प्रत्येक रेषेला पूर्ण एक किंवा पूर्ण दोन एकके जाडी द्यावी. त्यानंतर तिची जागा पाहावी. एक एकक जाडीची उभी रेषा १० या अंकावर मध्य ठेवून काढली तर ती ९.५ ते १०.५ अशी पसरते, म्हणजे दोन शेजारच्या स्तंभांत निम्मी निम्मी, आणि निम्म्याच्या नियमापुढे दोघांचे भवितव्य अधांतरी राहते. तीच रेषा १०.५ वर ठेवली की १० ते ११ हा एक स्तंभ पूर्ण भरते. अर्ध्या एककाने सरकविणे एवढेच काम, पण बोधचिन्हाची रेषा एकेरी दिसेल, दुहेरी दिसेल की दिसणारच नाही हे त्यावर ठरते. तिरप्या रेषांत ४५ अंशांची रेषा सर्वांत सालस. ती एकेक ठिपक्याच्या पायरीने सरळ उतरते. ३० अंशांच्या रेषेच्या पायऱ्या कधी दोन, कधी एक अशा पडतात व ती दातेरी दिसते. आपला चौकोन ४५ अंशांवर उभा आहे, हे या बाबतीत सुदैवच.

रंगाचा उंबरठा

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या काळ्या-कोऱ्या त्रिकोणांकडे येऊ. रंगाचे छटेत रूपांतर करताना लाल, हिरवा व निळा या तीन घटकांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ व ०.११४ या वजनांनी गुणून बेरीज घेण्याची पद्धत रूढ आहे. मानवी डोळ्याला हिरवा प्रकाश अधिक तेजस्वी व निळा सर्वांत मंद भासतो, म्हणून ही वजने असमान आहेत. प्रत्येक घटक ० ते २५५ या मापात असतो व मधोमध १२८ हा उंबरठा धरला जातो. शुद्ध लाल रंगाची छटा येते ७६, निळ्याची २९, पिवळ्याची २२६. लाल व निळा उंबरठ्याखाली, म्हणून काळे. पिवळा वर, म्हणून कोरा. हिरव्याची गंमत अशी की भडक हिरवा १५० वर जातो, तर हिरव्याचा घटक १२८ ठेवलेला गडद हिरवा ७५ वर येतो. एका विद्यार्थ्याने भडक हिरवा निवडला होता, दुसऱ्याने गडद. त्यांच्या चित्रांतील फरकाचे कारण एवढेच.

धर्माबादच्या बाजारातील मिरचीचे चित्र काढूनही हेच दिसते. लाल मिरचीची छटा ७६ आणि गडद हिरव्या देठाची ७५. दोघांतील भेद एका अंकाचा. एकरंगी चित्रात देठ मिरचीत विरून जातो आणि उरते ती एखाद्या वाकड्या काठीची सावली. देठ भडक हिरवा केला तर तो पार्श्वभूमीत लुप्त होतो व बिनदेठाची मिरची उरते. दोन्हींवर तोडगा एकच : मिरची व देठ दोन्ही काळे ठेवावेत आणि त्यांच्यामध्ये एका ठिपक्याची कोरी फट सोडावी. ही फट मूळ चित्रात नाही, खऱ्या मिरचीतही नाही. तरी ती घातल्यावरच मिरची मिरचीसारखी दिसते.

येथे कोणी डिदरिंगचा मार्ग सुचवील. प्रत्येक ठिपक्याला काळा किंवा पांढरा करताना जी चूक होते ती शेजारच्या ठिपक्यांत वाटून देण्याची फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांची पद्धत १९७६ सालची आहे. तीत उजव्या ठिपक्याला सोळांश सात, आणि खालच्या ओळीतील तिघांना सोळांश तीन, पाच व एक असे वाटे मिळतात. वृत्तपत्रातील छायाचित्राप्रमाणे दुरून पाहता करड्या छटांचा आभास निर्माण होतो. छायाचित्रांसाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु दुरून पाहण्यासाठी ठिपके बारीक व पुष्कळ असावे लागतात. २८ ओळींच्या चित्रात एकेक ठिपका डोळ्यास स्वतंत्र दिसतो, आणि विखुरलेले ठिपके छटेऐवजी धुळीसारखे वाटतात. सपाट रंगांच्या व्हेक्टर चित्रासाठी, विशेषतः इतक्या लहान मापात, डिदरिंग टाळावे असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चौकोनाचे पुनर्रेखन

विद्यार्थ्यांनी चौकोन पुन्हा काढावयास घेतला तेव्हा पहिली अडचण २८ या सम संख्येनेच उभी केली. सम ओळींना मधली ओळ नसते. दोन त्रिकोण करणारी रेषा चौदाव्या ओळीवर घेतली तर वरचा भाग लहान, पंधराव्यावर घेतली तर खालचा. शिवाय टोकावर एका ठिपक्याऐवजी दोन ठिपके येऊन चौकोन बोथट दिसतो. म्हणून एक ओळ कोरी सोडून चौकोन २७ ओळींचा केला. पहिल्या ओळीत १ ठिपका, दुसऱ्या ओळीपर्यंत ३, तिसऱ्यापर्यंत ५, असे वाढत चौदाव्या ओळीत २७, आणि पुन्हा त्याच क्रमाने खाली १ पर्यंत. चौदावी ओळ हीच विभाजक रेषा.

वरच्या त्रिकोणात कवटी बसवावयाची. दोन्ही कडांचा एकेक ठिपका आणि कडेपासून एकेक कोरा ठिपका सोडला तर पाचव्या ओळीत ५ व सहाव्या ओळीत ७ ठिपक्यांची जागा मिळते. तेराव्या ओळीत विभाजक रेषेपासून अंतर राखावयाचे. म्हणजे कवटी पाचव्या ओळीपासून बाराव्यापर्यंत ८ ओळी उंच व ७ ठिपके रुंद होऊ शकते. सात ठिपक्यांची वाटणी अशी : एक काळा, दोन कोरे म्हणजे डोळा, एक काळा म्हणजे नाक, पुन्हा दोन कोरे, एक काळा. याहून कमी जागेत दोन डोळ्यांची कवटी होत नाही. फुलीसारख्या हाडांना जागा उरलीच नाही. ती सोडून द्यावी लागली. मूळ चिन्हातील एक घटक असा गाळणे विद्यार्थ्यांना खटकले. मात्र दोन्ही ठेवण्याच्या पहिल्या प्रयत्नात जे तयार झाले होते त्यात ना कवटी दिसत होती, ना हाडे.

हे चित्र एका विद्यार्थ्याने आपल्या शेतावरील वयस्कर सालगड्यास दाखविले. त्याने हात लांब करून पाहिले आणि विचारले, “हे माकडाचं तोंड हाय का?” विद्यार्थी हिरमुसला. प्रश्न योग्यच होता. गोल डोके व दोन डोळे यांपलीकडे कवटीची म्हणून काही खूण त्यात नव्हती. मग शेवटच्या दोन ओळी पाच ठिपक्यांच्या अरुंद करून त्यांत एकाआड एक ठिपका कोरा ठेवला, म्हणजे दात आले. दुसऱ्या खेपेस सालगड्याने चित्र बाजूला सारत म्हटले, “इखाराच्या डब्यावर असतंय ते.” सारा फरक चार कोऱ्या ठिपक्यांचा.

राहिला रंगाचा प्रश्न. रंग नसताना रंग दाखविण्याची युक्ती जुनी आहे. युरोपातील घराण्यांची मानचिन्हे काळ्या शाईत छापताना लालसाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या, सोनेरीसाठी ठिपके व हिरव्यासाठी तिरप्या रेषा भरण्याची रीत सतराव्या शतकात रूढ झाली. पेट्रा सांक्ता या इटालियन धर्मोपदेशकाच्या १६३८ मधील ग्रंथाने तिचा प्रसार झाला. एका विद्यार्थ्याने ती शोधून काढली आणि आनंदाने चारही त्रिकोण त्या रेषांनी भरले. परंतु उभ्या रेषा म्हणजे लाल हा संकेत आपल्या शेतकऱ्यास कोणी व कधी शिकविला? जो संकेत ठाऊक नाही तो अर्थ सांगत नाही, नक्षी सांगतो. त्यापेक्षा काळेपणाचा क्रम लावणे उचित वाटले. अतिजहाल म्हणजे संपूर्ण काळा त्रिकोण, जहालसाठी एकाआड एक ओळ काळी, मध्यमसाठी दर चौथी ओळ, सौम्यसाठी कोरा. जास्त काळे म्हणजे जास्त घातक हे न शिकविताही कळू शकते. कवटी केवळ पहिल्या चौकोनात.

तरीही हे चित्र वेष्टनावरील चौकोनाची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. डब्यावर रंग आहे, पडद्यावर नाही. म्हणून चित्रासोबतच्या मजकुरात रंगाचे नाव दिलेच पाहिजे. चित्राचे काम वाचणाऱ्याला, व वाचता न येणाऱ्यालाही, डब्यावरील तो कोपरा शोधावयास लावणे एवढेच आहे.

आपल्या परिसरात या मर्यादांशी मुळातच जुळणाऱ्या चित्रपरंपरा आहेत. पालघर-ठाणे भागातील वारली चित्रकला गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढली जाते. रंग दोनच, पार्श्वभूमी व रेषा. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ११ ओळींच्या आत नाचणारा माणूस उभा करता येतो, कारण छटा, जाडी, चेहरा यांचा त्याग चित्रकाराने आधीच केलेला असतो. पद्मश्रीने सन्मानित जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांच्या चित्रांतील माणसांची रांग पाहताना हे ध्यानात येते. तथापि लग्नातील चौकाची दाट नक्षी त्या जाळीवर बुजून जाते, आणि काही पडद्यांचे ठिपके रुंदीपेक्षा किंचित उंच असल्याने वर्तुळाकार सूर्य अंडाकृती दिसतो. तो आधीच थोडा चपटा काढावा लागतो. मतपत्रिकेवरील निवडणूक चिन्हेही याच कुळातील. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निरक्षर मतदारास ती ओळखता यावीत ही त्यांची अट राहिली आहे, आणि मतदान यंत्रावर ती काळ्या-पांढऱ्यातच दिसतात.

देवनागरी अक्षराची अडचण

चौकोनाच्या उजवीकडे ७२ पैकी ४५ स्तंभ उरले होते. तेथे ‘विष’ हा शब्द लिहावयाचे ठरले. रोमन अक्षर ५ × ७ ठिपक्यांत सुवाच्य होते. देवनागरीस शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी-मात्रा-रफार-अनुस्वार, तिच्याखाली उकार-ऋकार, असे तीन मजले लागतात. बोधचिन्हाच्या १४ ओळींत वरच्या मजल्यास ३, शिरोरेषेस १, अक्षराच्या धडास ७ व खाली ३ अशी वाटणी करावी लागते. ‘धर्माबाद’मध्ये खालचा मजला रिकामा असल्याने धडास तीन ओळी अधिक मिळतात व रफारही सुटसुटीत बसतो. ‘लातूर’मध्ये ऊकार तो मजला अडवितो. ‘नांदेड’मध्ये अनुस्वार एकाच ठिपक्याचा असतो आणि उंबरठ्याच्या एका चुकीने तो गेला की गाव बदलते.

‘विष’ लिहिताना ‘ष’ ने दगा दिला. ‘प’ च्या पोटातून गेलेली तिरपी रेषा हाच ‘ष’ चा विशेष. धड ७ ओळींचे असताना त्या पोटात तीन-चार ठिपक्यांचीच मोकळी जागा उरते. सॉफ्टवेअरने केलेल्या रूपांतरात ती रेषा एकतर नाहीशी होऊन ‘विप’ झाले, अथवा पोट पूर्ण बुजले. अखेर शब्दास खालच्या मजल्याची गरज नाही हे लक्षात घेऊन आणि चित्राची उंची २८ ओळी असल्याचा लाभ घेऊन धड १२ ओळींचे केले. तिरपी रेषा ४५ अंशांवर आणली व तिच्या दोन्ही बाजूंस निदान एकेक कोरा ठिपका राखला. ही कामे हातानेच करावी लागतात. अक्षराकृतींत लहान मापासाठीच्या अशा सूचना आधीच भरून ठेवण्याची सोय १९९१ पासूनच्या ट्रूटाइप पद्धतीत आहे, परंतु त्या अतिलहान मापाचा विचार करून भरलेल्या असतील तरच उपयोगी पडतात.

ठिपक्यांची साठवण

काम संपल्यावर ठिपके बाइटांत भरावयाचे असतात. त्या काळातील दोन प्रमुख पद्धतींत, म्हणजे नोकियाच्या चित्रसंदेशात व वॅप संकेतस्थळांसाठीच्या डब्ल्यूबीएमपी प्रकारात, एका ओळीतील आठ ठिपके डावीकडून उजवीकडे एका बाइटात भरले जातात. ७२ रुंदीस बरोबर ९ बाइट लागतात. ८४ रुंदीस साडेदहा लागावेत, पण डब्ल्यूबीएमपीमध्ये प्रत्येक ओळ नव्या बाइटापासून सुरू होत असल्याने ११ लागतात, म्हणून ४८ ओळींचे चित्र ५०४ ऐवजी ५२८ बाइटांचे होते. शिवाय आरंभीचे ४. नोकिया ५११० च्या पडद्याचा नियंत्रक मात्र आठ ठिपके वरून खाली एका बाइटात घेतो. आडव्या पद्धतीने भरलेले चित्र त्याला तसेच दिले तर पडद्यावर तुकड्यांचा पसारा दिसतो. हा दोष निदान लगेच लक्षात येतो.

लक्षात न येणारा दोष दुसरा आहे. नोकियाच्या पद्धतीत १ म्हणजे काळा, डब्ल्यूबीएमपीमध्ये १ म्हणजे पांढरा. एका प्रकारातील बाइट दुसऱ्यात जसेच्या तसे नेले तर चित्र उलटे उमटते. फूल किंवा मिरची उलटी उमटली तर काळ्या पार्श्वभूमीवरून ती चूक सहज कळते. आपल्या प्रकल्पात एका विद्यार्थ्याने कडेची रिकामी जागा कापून फक्त खालच्या त्रिकोणांच्या आतील भाग वेगळे साठविले होते. ते उलटल्यावर अतिजहाल विषाचा त्रिकोण कोरा झाला, सौम्य विषाचा काळा झाला, आणि एकाआड एक ओळीचा त्रिकोण उलटूनही होता तसाच राहिला. पडद्यावर चारही चित्रे व्यवस्थित दिसत होती. तेव्हापासून प्रत्येक चित्राभोवती एका ठिपक्याची कोरी चौकट ठेवावयाची आणि संचावर पाठविण्यापूर्वी पहिल्या ओळीचे बाइट तपासावयाचे असा नियम वर्गात केला आहे. चित्रसंदेशात ते सर्व ० असावेत, डब्ल्यूबीएमपीमध्ये २५५. ८४ रुंदीच्या चित्रात ओळीच्या शेवटच्या बाइटातील खालचे चार बिट केवळ भरतीचे असल्याने ते वगळून पाहावे.